जबाब नेमका कुणाचा?

पोलीस ठाण्यात लिहिलेला जबाब ज्यांनी कधी वाचला असेल, त्यांना त्याची चाल ओळखीची वाटेल. 'समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर कुटुंबासह राहण्यास असून मजुरी करून उदरनिर्वाह करतो...' अशी सुरुवात. मग 'सुमारास', 'सदर इसम', 'तेथून निघून गेला'. शेवटी 'माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.' पुण्याजवळच्या मुळशीतला म्हातारा शेतकरी असो, पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंग करणारी बाई असो की बिहारहून आलेला हेल्पर, तिघांचेही जबाब एकाच माणसाच्या तोंडून आल्यासारखे वाटतात. त्यात नवल नाही. ते एकाच माणसानं लिहिलेले असतात, तपासी अंमलदारानं किंवा त्याच्या रायटरनं.

ही काही पोलिसांची लबाडी नव्हे, ती कामाची घडी आहे. रायटर साक्षीदाराला प्रश्न विचारतो, उत्तरातलं 'कामाचं' उचलतो आणि ते कोर्टाच्या साच्यात बसेल अशा भाषेत उतरवतो. कायद्यालाही हे पुरतं ठाऊक आहे. म्हणून तर तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असा नियम ब्रिटिशांच्या काळापासून चालत आला आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्येही तो तसाच आहे. हा जबाब पुरावा म्हणून वाचता येत नाही. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर त्याला अडवण्यापुरता मुख्यतः तो वापरता येतो.

पण नेमकं तिथंच पाणी मुरतं. चार-पाच वर्षांनी खटला उभा राहतो, साक्षीदार पिंजऱ्यात येतो आणि आठवेल ते सांगतो. त्यातली एखादी बारीक गोष्ट रायटरनं त्या वेळी गाळलेली असते. बचावाचे वकील जबाब पुढे धरतात आणि साक्षीदाराच्या तोंडी ते ठरलेलं वाक्य येतं: 'तसे माझ्या पोलीस जबाबात का लिहिले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.' महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयातल्या साक्षींचे कागद उघडा, हे वाक्य सापडेल. गाळलं एकानं, अडकला दुसरा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण उगाच रुळलेली नाही.

जबाब घेताना स्मृतीचं काय होतं, याचा शास्त्रीय अभ्यास गेली पन्नास वर्षं तरी नेटानं चालू आहे. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आलं. 'स्पर्श झाला' तेव्हा किती, असं विचारलं तर सुमारे ३२. फिती त्याच होत्या. पुढचा भाग जास्त अस्वस्थ करणारा आहे. दुसऱ्या एका गटाला आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फितीत काच फुटलेली नव्हती. तरी ज्यांना 'आदळल्या' असं विचारलं होतं त्या ५० जणांपैकी १६ जणांना काच 'आठवली'. ज्यांना वेगाचा प्रश्नच विचारला नव्हता त्या ५० मध्ये असे ६ जण निघाले. ताज्या कोब्यावर पाऊल उमटावं तसा प्रश्न आठवणीवर उमटतो, आणि नंतर ते पाऊल कुणाचं होतं हे साक्षीदारालाही सांगता येत नाही.

आता पौड रस्त्यावरचा अपघात डोळ्यांपुढे आणा. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट असा हा रस्ता पौडला आणि पुढे ताम्हिणीकडे जातो. शनिवार-रविवारी मुळशी धरण बघायला निघालेल्या गाड्या, आठवडाभर कंपन्यांचे कंटेनर आणि दुचाकीवरून शिफ्टला निघालेली माणसं. दुचाकीला ट्रकनं उडवलं की हवालदार टपरीवाल्याला सहज विचारून जातो, 'ट्रक भरधाव आला ना?' या 'ना'मध्ये अर्धा जबाब लिहून झालेला असतो. टपरीवाला खोटं बोलत नाही. तो मान डोलावतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याला ट्रक खरोखरच भरधाव आलेला आठवत असतो.

पोलीस साक्षीदाराशी कसे बोलतात हे मोजायचं म्हणून रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइजलमन यांनी १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या पोलिसांच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकल्या. 'काय झालं ते सांगा' असा मोकळा प्रश्न विचारल्यावर साक्षीदाराला सरासरी साडेसात सेकंद बोलू दिलं जात होतं. मग पुढचा प्रश्न. रंग कोणता, उंची किती, कुठल्या दिशेनं गेला. साक्षीदार लवकरच शिकतो की इथं त्रोटक उत्तर द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायची.

या दोघांनी त्यावर जी पद्धत बांधली तिला स्मृतीच्या नियमांवर बेतलेली मुलाखत म्हणता येईल. ती ऐकायला फार साधी वाटते. आधी दोन घटका इकडचं तिकडचं बोलून माणसाला स्थिर होऊ द्यायचं. मग सरळ सांगायचं की प्रसंग तुम्ही पाहिलात, मी नाही, त्यामुळे बोलायचं तुम्ही. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाज करू नका. क्षुल्लक वाटलं तरी सोडू नका. त्याला मनानं त्या जागी परत न्यायचं: उभे कुठे होता, हातात काय होतं, ऊन होतं की सावली, त्या वेळी मनात काय चाललं होतं. नंतर गप्प बसायचं. माणूस थांबला तरी लगेच तोंड उघडायचं नाही, कारण आठवण बऱ्याचदा त्या थांबण्यातच वर येते. तपशिलाचे प्रश्न शेवटी, तेही त्यानं ज्या क्रमानं सांगितलं त्या क्रमानं. जमलं तर कागदावर जागेचा नकाशा त्यालाच काढू द्यायचा.

मायामीच्या तपास अधिकाऱ्यांना हे शिकवून १९८९ मध्ये प्रत्यक्ष गुन्ह्यांच्या तपासात त्याची चाचणी घेतली गेली. शिकण्याआधी ते जेवढी माहिती मिळवत होते त्याहून ४७ टक्के जास्त माहिती शिकल्यानंतर मिळाली. न शिकलेल्या सहकाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्के जास्त. इंग्लंड-वेल्समध्ये निरपराध माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात सडल्याची प्रकरणं उघड झाली, आणि १९९२-९३ पासून तिथल्या पोलिसांना विचारपुशीची नवी चौकट सरसकट शिकवली जाऊ लागली. साक्षीदार आणि पीडितांसाठी तिच्यात हीच पद्धत आहे. संशयिताकडूनही कबुली नव्हे, माहिती मिळवायची, हा तिचा पाया.

'आम्ही डोळ्यांत बघूनच ओळखतो' असं सांगणारे अनुभवी अधिकारी सगळीकडे भेटतात. खरं-खोटं ओळखण्यावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. त्यात माणसांचा निर्णय १०० पैकी ५४ वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा निघाला असता. व्यवसायानं हेच काम करणारेही त्याहून फारसे सरस ठरले नाहीत. म्हणजे दरडावून, घाम फुटतो का ते बघून मिळणारं ज्ञान चार टक्क्यांचं, आणि त्यापायी घाबरलेला साक्षीदार कायमचा तोंड मिटतो.

पिरंगुटच्या परिसराला साक्षीदारांचा प्रश्न किती अवघड असू शकतो हे ७ जून २०२१ ला दिसलं. शेजारच्या उरवडे गावातल्या, पाणी शुद्ध करण्याची रसायनं बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक महिला. भिंत फोडून माणसं काढण्याचा प्रयत्न झाला, मृतांची ओळख पटवायला डीएनए चाचणीची वेळ आली. त्या चौकशीची फाईल उघडण्याचा इथे हेतू नाही. पण अशा दुर्घटनेत वाचलेले लोक हेच मुख्य साक्षीदार असतात, त्यांनी जे पाहिलं ते काही सेकंदांत पाहिलेलं असतं, आणि तासाभरात वाहिन्यांचे माइक त्यांच्यासमोर असतात. शिवाय सगळे एकमेकांशी बोलतात. बोलणारच, एकाच दुःखातले आहेत. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग केला. एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या फिती दोघांना दाखवल्या आणि त्यांना आपसांत बोलू दिलं. ७१ टक्के लोकांनी, आपल्याला न दिसलेली, फक्त जोडीदाराकडून ऐकलेली निदान एक गोष्ट 'मी पाहिली' म्हणून सांगितली. कोर्टात दहा साक्षीदारांचं एकमत दिसतं तेव्हा ते दहा जणांच्या डोळ्यांचं असेल किंवा एकाच तोंडाचं.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो, कारण त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. साक्षीदार अनेक आणि पोलीस चार, अशा वेळी प्रत्येकाला लगेच एक छापील पुस्तिका द्यायची. तिच्यात वरच्याच सूचना सोप्या भाषेत: जागा आठवा, अंदाज करू नका, चित्र काढा, आणखी कोण हजर होतं ते लिहा. २००९ मध्ये या पुस्तिकेची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. मुलाखत नंतर कधीही होवो, आठवण ताजी असताना कागदावर येते. पिरंगुटमध्ये तिच्या मराठी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्या लागतील, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण. ध्वनिचित्रमुद्रणाची मुभा कायद्यात आहेच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० नुसार जबाब तसा नोंदवता येतो, आणि ही सोय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. वापरली किती गेली हा वेगळा मुद्दा. मूळ बोलणं मुद्रित असेल तर हिंदीत सांगितलेलं मराठीत लिहिताना काय गळलं, हे वकील आणि न्यायाधीश दोघांनाही ऐकता येईल. महिला, साठीपुढचे आणि पंधरा वर्षांखालचे पुरुष, आजारी आणि अपंग यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं, असं कलम १७९ सांगतं. हे किती जणांना माहीत असतं?

ओळख परेडच्या बाबतीत मात्र आपला कायदा काळाच्या पुढे होता, असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत डीएनए चाचणीनं निर्दोष ठरलेल्या कैद्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांच्या खटल्यांत साक्षीदारानं चुकीचा माणूस ओळखला होता. तेव्हा कुठे तिथले मानसशास्त्रज्ञ आग्रह धरू लागले की रांगेत संशयित कोण हे ठाऊक असणारा पोलीस त्या खोलीत नको, कारण त्याची नजर, त्याचं खाकरणंदेखील इशारा ठरतं. मुंबई राज्यातूनच गेलेल्या एका खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५५ च्या सुमारास वेगळ्या कारणानं का होईना, पोलिसांच्या देखरेखीखाली झालेली ओळख पुरावा म्हणून अमान्य केली. म्हणून आपल्याकडे परेड घ्यायला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेला बाहेरचा अधिकारी येतो, पोलीस बाहेर थांबतात, संशयिताबरोबर किमान सहा मिळतेजुळते डमी उभे करतात. आरोपीला काळा बुरखा घालून आणतात तेही परेडआधी साक्षीदारानं त्याचा चेहरा पाहू नये म्हणून. आता मात्र बुरख्याआधीच त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेला असतो. सीसीटीव्हीची क्लिप दहा वेळा पाहिलेला दुकानदार परेडमध्ये क्लिपमधला माणूस ओळखतो की दुकानातला, हे कुणी सांगावं?

साक्षीदार चांगलं बोलेल, पण आधी तो पुढे यायला हवा. इथं लोक आणि पोलीस यांच्यातल्या रोजच्या संबंधाचा विषय येतो, आणि या विषयात महाराष्ट्राकडे जगाला सांगण्यासारखं एक उदाहरण आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी यंत्रमागांच्या त्या गावात सत्तरेक मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही धर्मांची माणसं आणि त्या भागाचा पोलीस. पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांवर भर, आणि विषय रोजचे: भांडणं, अफवा, गल्लीतल्या कुरबुरी. त्यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं. भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

तरीही भिवंडी हा पुरावा आहे की दाखला? शास्त्राच्या काटेकोर नजरेनं दाखला. शेजारी समित्या नसलेली दुसरी, तंतोतंत तशीच भिवंडी नव्हती. म्हणून २०२१ च्या नोव्हेंबरात 'सायन्स' नियतकालिकात आलेला अभ्यास महत्त्वाचा. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, युगांडा, पाकिस्तान आणि फिलिपिन्स या सहा देशांत काही भाग चिठ्ठ्या टाकून निवडले, तिथे लोकाभिमुख पोलिसगिरी राबवली, बाकीच्या भागांत नाही, आणि मग तुलना केली. सभा झाल्या, पायी गस्ती झाल्या, हेल्पलाइन झाल्या. विश्वास वाढला नाही, गुन्हे घटले नाहीत. संशोधकांना कारणं दिसली ती आपल्याला अगदी घरची वाटावीत अशी आहेत: वरिष्ठांना त्यात रस नव्हता, अधिकारी सारखे बदलत होते, आणि लोकांनी सांगितलेल्या अडचणींवर पुढे काही करायला माणसं-पैसा नव्हता. सभेत 'कंपनीच्या मागच्या रस्त्याला दिवा नाही' असं तीनदा सांगून दिवा लागला नाही, तर चौथ्या सभेला माणूस कशाला येईल? याउलट एखाद्या ठिकाणची ठरावीक अडचण हेरून तिच्यावरच काम करण्याच्या पद्धतीचे ३४ अभ्यास २०२० मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा गुन्ह्यांत सरासरी एकतृतीयांश घट दिसली. खोपड्यांच्या समित्यांत गल्लीतली कुरबूर तिथल्या तिथे मिटत होती, ते या दुसऱ्या जातकुळीत बसतं.

मुळशीत सभा-समित्यांची वाण नाही. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं नेमलेले पोलीस पाटील आहेत. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या आहेत. बक्षिसाच्या रकमेचे फलक काही गावांत अजून दिसतील. पुणे जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे: एका क्रमांकावर फोन केला की सांगणाऱ्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर एकदम वाजतो. चोरटे आले, बिबट्या दिसला, आग लागली, तर याइतकं चपळ काही नाही. पण नोंदलेले मोबाइल कुणाचे? गावकऱ्यांचे. चाळीतल्या खोलीत सहा जण राहणारा परप्रांतीय कामगार, डोंगरावरच्या वस्तीतला कातकरी, सोसायटीत नव्यानं आलेलं आयटीवालं जोडपं, या तिघांनाही पोलीस पाटलाचं नाव माहीत असेल अशी खात्री देता येत नाही. पिरंगुटच्या हद्दीतल्या बहुतेक प्रसंगांचे साक्षीदार मात्र याच लोकांतून येणार. कामगाराला एका खाड्यात दिवसाची मजुरी जाते. पौड ठाण्यात दोनदा बोलावून परत पाठवलं की तिसऱ्यांदा त्यानं 'मी काही पाहिलं नाही' म्हणणं हा त्याच्यापुरता चोख हिशेब आहे. साक्षीदार फितूर होण्यामागे दरवेळी पैसा किंवा धाक नसतो.

यातलं काय बदलता येतं, याचा भारतातला सर्वांत चांगला पुरावा राजस्थानचा आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या पुढे नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञांनी, नीना सिंह या तिथल्याच आयपीएस अधिकारी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर, ११ जिल्ह्यांतल्या १६२ पोलीस ठाण्यांत चार उपाय करून पाहिले. बदल्या थांबवणं, तपास आणि बोलण्या-वागण्याचं प्रशिक्षण, साप्ताहिक सुट्टीसह कामांची फिरती वाटणी, आणि ठाण्यात येऊन बसणारे स्थानिक नागरिक-निरीक्षक. शेवटचे दोन मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांनी नीट राबवलेच नाहीत, आणि त्यांचा परिणामही दिसला नाही. प्रशिक्षण आणि स्थिर नेमणूक या दोन उपायांचा परिणाम दिसला, आणि प्रशिक्षण ठाण्यातल्या जितक्या जास्त लोकांना मिळालं तितका फिर्यादींच्या समाधानावर तो जास्त होता. एकट्या हवालदाराला शिकवून पाठवलं आणि बाकीचं ठाणं तसंच राहिलं तर तो चार दिवसांत सगळ्यांसारखा बोलायला लागतो.

याच अभ्यासात एक गोष्ट उपाय म्हणून नव्हे, मोजमाप म्हणून केली गेली. तक्रार घेतात का हे पाहायला माणसं तोतया फिर्यादी बनून ठाण्यात जात: मोबाइल चोरीला गेला, घर फोडलं, अशा कहाण्या घेऊन. अंमलदार गुन्हा नोंदवायला तयार झाला की ते आपली खरी ओळख सांगत, कारण खोटी फिर्याद देणं हाच मुळात गुन्हा. असे लोक एकाच ठाण्यात पुन्हा पुन्हा गेले तिथे तक्रार नोंदवून घेण्याचं प्रमाण वाढत गेलं. समोर उभा असलेला खरा की तोतया हे ठाणे अंमलदाराला कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे दोघांचंही म्हणणं ऐकून घ्यावं लागत होतं.